परतीचा खांदा

चंद्रपूर,
३ ऑगस्ट १९८६

ती. वच्छलाबाईस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. धानाचे रोवणे अर्धे झाले हे वाचून बरे वाटले. मी बरा आहे. स्वयंपाक खोलीवरच करतो. शाळेतले काम तेच आहे: वर्ग उघडणे, फळा पुसणे, घंटा देणे. मात्र आता एक खोली वाढली आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे असते. त्या खोलीत कॉम्प्युटर आला आहे.

तो कसा असतो ते लिहितो. टाइपरायटरसारखी बटणे आणि समोर टीव्ही. बटण दाबले की टीव्हीवर अक्षर उमटते. ते अक्षर जवळून पाहिले तर बारीक चौकोनांचे बनलेले दिसते. गणिताचे गुणवंत सर ती खोली सांभाळतात. त्यांनी मला दाखवले की आपण आपल्या मनाचे अक्षरही बनवू शकतो. कोणता चौकोन पेटवायचा आणि कोणता विझवायचा ते आकड्यांत सांगायचे असते. मी विचारले, अक्षराच्या जागी माणूस चालेल का? सर म्हणाले, "चालेल काय, धावेलसुद्धा. बनव."

तेव्हापासून शाळा सुटली की मी तेच करत बसतो. चार अक्षरे जोडून एक माणूस होतो. त्याची दोन चित्रे केली. एकात पाय फाकलेले, एकात जुळलेले. ती पाळीपाळीने दाखवली की तो धावायला हवा, पण तो धावत नाही. सर म्हणाले, "पत्रू, हा तर कात्री चालवून राह्यला." मला रात्रभर तेच आठवत होते.

डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तोवर जमले तर सर माझा माणूस तिथे लावणार आहेत. नाही जमले तर चेंडू लावतील. सरांनी उड्या मारणारा एक चेंडू केलेला आहे.

जुन्या लग्नपत्रिकांचे सारखे पत्ते कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर तीच चित्रे चौकोन मोजून काढली आहेत आणि सोबत पाठवत आहे. प्रत्येक पत्त्यावर माणूस थोडा पुढे सरकवला आहे. एका कडेने शिवून अंगठ्याने भराभर सोडलेस तर मला जे दिसते ते तुलाही दिसेल. तू बालवाडीत पोरांना चित्रे दाखवतेस, तुझी नजर चांगली आहे. हा का धावत नाही ते कळव.

बाबांना यातले काही सांगू नकोस.

तुझा भाऊ,
पत्रू


मोहटोला,
१४ ऑगस्ट

चि. पत्रूले अनेक आशीर्वाद.

रोवणे संपले. कंबर अजून सरळ झाली नाई, म्हणून पत्राले उशीर.

तुये पत्ते पोचले. गोधडीच्या दोऱ्यानं शिवले अन् सोडून पाह्यले. बाप्पा! तुया माणूस तर मागं मागं पळते, म्हशीनं शिंग उगारल्यासारखा. मंग समजलं, मीच उलट्या कडेनं शिवले. मागच्या पत्त्यापासून सोडले तर बरोबर पळते. सवड भेटली का उसवीन.

आता पयले माया मनातलं ऐक. ज्या पोराले धावाचं नव्हतं, तो चंद्रपुरात बसून धावणारा माणूस बनवून राह्यला! दोन वर्षं झाले. बाबानं जन्मभर पोस्टाची थैली घेऊन जंगलातल्या गावाइले धाव केली. आपल्या मागं तू रनर व्हावं म्हणून साहेबाशी बोलून ठेवलं, तुयासाठी नवीन पट्टा आणला. अन् तू सकाळी उठून मोटारीनं निघून गेला. आता ते काम चैतू करते, सायकलीनं. बाबा म्हणते, सायकलवाला कधी रनर असते का? तुयं नाव मात्र घेत नाई. मी काढलं तर उठून बैलाले पाणी दाखवाले जाते, बैल आताच पेलेला असला तरी.

आता तुया माणूस. त्याचं डोकं एकाच रेघेत राह्यते. आम्ही डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड घेऊन येतो, तसं. आम्हाले पाणी सांडाची भीती असते. त्याले कायची? धावणाऱ्याचं डोकं वरखाली झालं पायजे. दुसरं म्हणजे त्याचे दोन्ही पाय सारखेच. अलीकडचा कोणता, पलीकडचा कोणता, समजत नाई. तिसरं, पाय जुळवून उभा राह्यला म्हणजे तो थांबला ना? एक पाय टेकते तवा दुसरा गुडघ्यात मोडून बाजूनं पुढं जाते. मी अंगणात धावून पाह्यलं. तुया भाऊजी म्हणाला, "काय वं, अंगात आलं का?"

बाबाले सांगतलं नाई.

तुयी बाई,
वच्छला


चंद्रपूर,
२४ ऑगस्ट

ती. बाईस,
सप्रेम जयभीम.

तू अंगणात धावलीस हे वाचून मी एकटाच हसलो. पण तू सांगितलेले सगळे खरे निघाले.

आता चार चित्रे केली आहेत. पाय टेकतो, अंग त्याच्यावर दबते, दुसरा पाय मोडून बाजूने जातो, मग अंग उचलले जाते. तेच पुन्हा दुसऱ्या पायाने. अंग दबते तेव्हा डोके एक चौकोन खाली घेतले. पलीकडच्या पायाचे चौकोन एक सोडून एक पेटवले, म्हणून तो पाय फिका दिसतो आणि अलीकडचा ठळक. हे सगळे आकड्यांत घालून चालू केले आणि बाई, तो धावला. थोडासाच, पण कात्री राहिली नाही.

मग दुसरी अडचण दिसू लागली. धावतो, पण घसरतो. पावसात बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून जाताना पाय मागे जातो आणि माणूस तिथेच, तसा. दोन दिवस मी पायच बघत बसलो. मग कळले की पाय टेकला म्हणजे तो जमिनीचा झाला. अंग पुढे गेले तरी तो पाय पडद्यावर त्याच जागी राहायला हवा. मी माणसाला पुढे सरकवत होतो आणि टेकलेला पायही त्याच्यासोबत ओढत होतो. ते सुधारले.

आता हात राहिले. दोन हात, दोन्ही छातीपुढून मागेपुढे जातात, आणि जागा एवढीशी. छातीजवळ चौकोनांचा गोळा होतो. हात कोणता, पोट कोणते, ओळखू येत नाही. हात काढून टाकले तर मुसक्या बांधून पळवल्यासारखा दिसतो. तीन प्रकार करून पाहिले. चौथा सुचत नाही. सर म्हणतात, पुष्कळ झाले, असाच लावू. पण हा असा लोकांपुढे लावण्यापेक्षा चेंडू बरा.

नवे पत्ते सोबत आहेत.

बाबांपुढे माझे नाव काढत जाऊ नकोस. बैलाचे पोट फुगेल.

तुझा,
पत्रू


मोहटोला,
९ सप्टेंबर

चि. पत्रूले आशीर्वाद.

पत्ते पाह्यले. लई सुधारला. आता हाताचं ऐक.

त्याचे हात रिकामे कायले ठेवले? रिकाम्या हातानं कोण धावते? एक तर चोर, नाई तर ज्याच्या मागं अस्वल लागलं तो. कामाचा माणूस काई तरी घेऊन धावते. त्याच्या खांद्यावर काई दे. एक हात ते धरून ठेवते, मंग हलाचं काम एकालेच.

अन् ओझं आलं का त्याले थोडा पुढं वाकव. सरळ उभा राहून ओझं घेऊन धावणारा पाठीवर पडते. टाच आधी टेकवू नको. डांबरी सडकेवर टाच चालते. जंगलाच्या वाटेवर मुळं, दगड. तिथी पंजा आधी, टाच मंग, अन् तीही अर्धीच.

हे सगळं मले असंच बसल्या बसल्या सुचलं.

घरी ठीक आहे. धान हिरवं आहे. बाबाही ठीक. औंदा त्याले चपला घेतल्या नाई, जुन्याच पडून आहे.

वच्छला


चंद्रपूर,
२८ सप्टेंबर

ती. बाईस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र आल्यापासून पडद्यावरच्या माणसाच्या खांद्यावर पिशवी आहे.

एका हाताने तो ती खांद्यावर धरतो. तो हात हलत नाही, त्यामुळे छातीजवळचा गोळा सुटला. दुसरा हात अंगाच्या पलीकडे आहे, त्याचे फक्त कोपर मागून दिसते. पुढे वाकवला. पंजा आधी टेकवला. पण पहिल्या दिवशी पिशवी अंगाला खिळे मारून बसवल्यासारखी दिसत होती. मग सुचले की ती अंगाबरोबर हलायला नको, एक चित्र उशिरा हलायला हवी. अंग दबते तेव्हा पिशवी अजून वरच असते. अंग उठते तेव्हा ती खांद्यावर आदळते. तेवढे केले आणि पिशवीत वजन आले. आत काही नाही, सहा-सात चौकोन आहेत, पण वजन आले.

सर बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "हा कोण आहे रे?" मी म्हणालो, कोणी नाही, असाच.

बाई, अस्वलाचे वाक्य तुझे नाही. शाळेला उशीर झाला आणि मी पाटी विसरून पळत निघालो की ते मागून कोण ओरडायचे, हे मला आठवते. टाचेचेही तुझे नाही. तू रागावू नकोस. मला फक्त एवढे सांग, ते पत्ते बघतात का?

१६ ऑक्टोबरला गावचा ट्रक दरवर्षीप्रमाणे इथल्या, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येईलच. इथे धम्मदीक्षा झाली त्याला यंदा तीस वर्षे होतात, बाबा येणारच. मागच्या वर्षी मी त्यांना गर्दीत लांबून पाहिले आणि पुस्तकांच्या दुकानामागे झालो. यंदा तसे करणार नाही. मी सकाळपासून फाटकापाशी उभा राहीन. शाळा तिथून लांब नाही. सरांनी खोली उघडायची परवानगी दिली आहे. बाबांनी माझ्याशी बोलायची गरज नाही. फक्त यावे, बघावे आणि काही चुकले असेल तर तेवढे सांगावे.

हे तू त्यांना सांग. कसे सांगायचे ते तुला कळते.

तुझा,
पत्रू


चंद्रपूर,
१७ ऑक्टोबर

ती. बाईस,
जयभीम.

तुझे उत्तर आले नव्हते तरी मी काल फाटकापाशी उभा होतो.

ट्रक आला. आधी बाया उतरल्या, मग पोरे, मग चैतू. मी मागचे फळकुट बंद होईपर्यंत पाहत होतो. चैतूला बाबांचे विचारले. तो म्हणाला, "बुडा नाई आला. नाई येत म्हणाला." आणि चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकला. मी समजलो. मुलगा तिथे उभा आहे हे माहीत असूनही ते आले नाहीत, म्हणजे मुलगा उभा आहे म्हणूनच आले नाहीत.

खोली उघडून मी पिशवीचे चौकोन विझवले. आता त्याचा हात रिकाम्या खांद्यावर आहे. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसतो. सरांना सांगून टाकले की प्रदर्शनात चेंडू लावा.

तू काही वाईट वाटून घेऊ नकोस. धान कापणीला आले असेल.

पत्रू


मोहटोला,
२ नोव्हेंबर

पत्रू,

तू मनानंच लिहितो अन् मनानंच वाचतो. चुकी माई बी आहे. मी तुयापासून लपवलं. आता लिहितो, बसून वाच.

मागच्या हिवाळ्यापासून बाबाचा उजवा पाय भरला. हत्तीपाय आहे म्हणाले दवाखान्यात. गोळ्या देल्ल्या, ताप जाते-येते, पण सूज गेली नाई. पोटरी अन् पाऊल आता एकच दिसते. चप्पल चढत नाई. "पत्रूले कळवू नको," म्हणे. "धावणाऱ्याचा पाय सुजला, हे पोराले सांगाची गोष्ट आहे का?" तुले तर माहीत आहे, तू घाबरा. मीही म्हटलं, कायले तिथी एकट्याच्या जीवाले घोर लावू.

तुयं पत्र मी त्याले पुरं वाचून दाखवलं. बैलाले पाणी पाजाले उठला नाई. ऐकून घेतलं.

ट्रक निघाच्या दिवशी सकाळीच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, तो सडकेवर जाऊन बसला. ट्रक आला. पाय उचलून पाह्यला, फळीपर्यंत जाईना. चैतू अन् आणखी दोघं म्हणाले, बाबा, आम्ही उचलतो. तर म्हणते कसा, "मी का पोस्टाची थैली आहो, उचलून टाकाले?" अन् मागं फिरला. जाता जाता चैतूले दम देल्ला, "नाई येत म्हणाला असं सांग. पायाचं बोलला तर याद राख." चैतू बिचारा तुयासमोर वाकला, तवा त्याच्या चपलेचा अंगठा काई तुटला नोता. घरी येऊन त्यानं मले सांगतलं, "बाई, मले त्याच्या तोंडाकडे पाह्यवलं नाई."

आता राह्यले पत्ते. तू विचारलं ना, बघते का? पयल्या दिवशीच माया हातून घेतले. अस्वल, टाच, ओझं, सगळं त्याचंच. मी फक्त लिहिलं. "मी सांगतलं म्हणू नको, नाई तर तो करणार नाई," म्हणे. ते जे मी उलटे शिवले होते, ते मले उसवू देत नाई. रोज पायरीवर बसते, पाय लंबा करून, अन् उलटाच सोडते. काल मी म्हटलं, बाबा, उलटा नको, सुधा सोड ना.

"सुधा सोडला तर तो जाते."

"जाऊ दे ना. धावणाराच आहे."

"जाते, जाते, अन् कागद सरते. रनरचं अर्धं काम म्हणजे थैली नेणं. बाकी अर्धं परत आणणं. हा येऊन राह्यला, पाह्य."

मी पाह्यलं. मंग तोच म्हणाला, "पण याचं तोंड तिकडं अन् पाय इकडं. असा कोणी परत येते का, वच्छला? त्याले वळव म्हणा."

तसंच लिहून पाठवतो. त्याले वळव.

वच्छला


चंद्रपूर,
१६ नोव्हेंबर

ती. बाईस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. चैतू खाली वाकला होता तेव्हा मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. एकदा विचारायला हवे होते. विचारले असते तर त्याने सांगितले असते.

मी इथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन पायाची चौकशी केली. पाय साबणाने रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, बसताना पाय उंचावर घ्यायचा, फुटू द्यायचा नाही. ताप आला की लगेच दाखवायचे. गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. हे त्यांना वाचून दाखव. तुझ्या नावाने नको, माझ्या नावाने.

पिशवीचे चौकोन पुन्हा पेटवले. आकडे लिहून ठेवलेले नव्हते, तरी हाताला आठवत होते.

मग त्याला वळवले. वाटले होते त्याहून सोपे निघाले. प्रत्येक ओळ उलट्या बाजूने मांडायची, आरशात दिसते तशी. आता तो पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत जातो, वळतो आणि तोंड इकडे करून परत येतो. पाय बरोबर, डोके बरोबर, वजन बरोबर.

पण एक चूक झाली आहे आणि तिच्यामुळे मला झोप नाही. आरशात उजव्याचे डावे होते. जाताना पिशवी त्याच्या उजव्या खांद्यावर असते, येताना डाव्या. माणूस तोच, पिशवी तीच, खांदा बदलला. सर म्हणतात कोणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या लक्षात आले आहे. ती उजव्याच खांद्यावर ठेवायची तर परतीला ती अंगाच्या पलीकडे जाते, अर्धी दिसतच नाही, अलीकडचा हात मोकळा होतो आणि छातीजवळ पुन्हा तोच गोळा. सगळी चित्रे नव्याने करावी लागतील, आणि प्रदर्शन जवळ आले आहे.

बाई, हे तू बाबांना विचार. पत्रूने विचारले आहे असे सांगून विचार. पिशवी कोणत्या खांद्यावर असायची?

जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही पत्ते मीच शिवून पाठवत आहे.

तुझा,
पत्रू


मोहटोला,
२९ नोव्हेंबर

चि. पत्रूले आशीर्वाद.

धान घरी आलं. आता बाबा सांगते तसं लिहितो. मधात माया एकही शब्द नाई.

पत्रू. चूक नाई. जाताना उजवा खांदा, येताना डावा. पयल्या वर्षी मी एकाच खांद्यानं नेली अन् आणली. अंग एका बाजूनं वाकलं. तुयी माय म्हणे, तुम्ही तराजूसारखे दिसून राह्यले. तवापासून परतीले डावा. पुढं पुढं तर वाटेवरच्या गावचे लोक दुरून खांदा पाह्यत अन् सांगत, सोमाजी चालला का येऊन राह्यला. तुले हे माहीत नोतं, अन् तुया माणसानं आपल्या मनानंच केलं. राहू दे तसंच.

एक बिघडलं आहे. तो शेवटी जाते अन् लगेच वळते, भिंतीवर आपटलेल्या चेंडूवाणी. रनर तसा वळत नाई. थैली देते, दुसरी घेते, पाणी पिते, मंग वळते. तिथी त्याले जरा थांबू दे.

पाय साबणानं धुतो. लोडावर ठेवतो. गोळ्या चालू आहे.

तू रनर झाला नाई त्याचा मले राग नाई. चैतू सायकलीनं करते, होऊन राह्यलं काम. सांगून गेला असता तर मी मोटारीपर्यंत पोचवाले आलो असतो. तवा पाय चांगला होता.

बस, एवढंच.

(आता मी वच्छला. उलटे शिवलेले ते जुने पत्ते आज त्यानं आपल्या हातानं उसवले. मी विचारलं काऊन? म्हणे, आता त्याचं काम नाई, आता हा सुधा येते.)


चंद्रपूर,
१५ डिसेंबर १९८६

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

प्रदर्शन झाले. सरांनी चेंडूही लावला होता आणि आपला माणूसही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तो उजव्या कडेला पोचला की थांबतो. डोके थोडे खाली घेतो, पिशवी खांद्यावरून उतरते, दुसरी डाव्या खांद्यावर चढते, मग तो वळतो. त्या थांबण्यासाठी दोन चित्रे नवीन काढावी लागली.

तो थांबला की बघणारे लोकही थांबायचे. एक बाई म्हणाल्या, "आता काय झालं? बिघडला का?" मी मागेच उभा होतो. मी म्हणालो, "नाई बाई, पाणी पिऊन राह्यला." त्या तो वळेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि परत येऊन डाव्या कडेला पोचेपर्यंतही.

सरांनी शनिवारपासून सुट्टी दिली आहे. दुपारच्या मोटारीने येतो. वच्छलाबाईला फाट्यावर पाठवू नका आणि तुम्हीही सडकेपर्यंत येऊ नका. पाय लोडावर ठेवून पायरीवरच बसा. तिथून वाट दिसते.

पिशवी डाव्या खांद्यावर असेल.

तुमचा,
पत्रू